सगळं व्यवस्थित लावलेलं आहे

मालक काकांनी चष्म्यांचं दुकान विकायला काढलंय हे तिथे काम करणाऱ्या चष्मेवालीला कळलं, तेव्हा तिच्या हातात एका म्हाताऱ्या पोस्टमनची फ्रेम होती. डाव्या कानामागे दांडी टोचते अशी त्याची तक्रार. ती दांडी गरम हवेवर धरून अंदाजाने वाकवत असताना गल्ल्यामागून काका सहज म्हणाले, "या महिन्याअखेर मी सुटतो बघ. लेकीकडे जाऊन राहणार. गुडघे आता या पायऱ्या चढू देत नाहीत."

दांडी जरा जास्तच वाकली. ती तिने पुन्हा गरम केली, पुन्हा सरळ केली, आणि पोस्टमनच्या कानामागे बसवली.

गिऱ्हाईक गेल्यावर काकांनी तिला समोर बसवलं. ठिकठिकाणी शाखा असलेल्या एका मोठ्या चष्म्यांच्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन जागा बघून गेला होता. पैसे रोख द्यायला तयार होता.

"पण मी त्याला थांबवलंय," काका म्हणाले. "आधी तुला विचारायचं ठरवलं होतं. गिऱ्हाईक येतं ते तुझ्याकडे, माझं तोंड बघायला कोण येतंय? अर्धी रक्कम आत्ता दे, उरलेली सवडीने दे. पण काय ते महिनाअखेरपर्यंत नक्की सांग बाई. त्यापुढे मला नाही थांबता येणार."

'घेते' हा शब्द तिच्या अगदी ओठांवर आला होता. तोंडातून निघालं ते मात्र, "ह्यांना विचारून सांगते."

काकांनी मान डोलावली. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हा तिलाही वाटलं नाही.

'हे' म्हणजे मास्तर. ते गाडी चालवायला शिकवायचे, म्हणून ओळखीपाळखीचे सगळे त्यांना मास्तर म्हणत. तिला सगळे चष्मेवाली म्हणत, तसंच. लग्न झाल्यापासून तिचा पगार दोघांच्या खात्यात जात होता आणि तिथून पुढे त्याचं काय होतं ते मास्तरांना ठाऊक. घरखर्चाला ते महिन्याच्या सुरुवातीला पैसे काढून आणून देत. कमी पडले तर कुरकुर न करता आणखी देत. हात आखडता नव्हता, व्यसन नव्हतं, हिशेब मागणं नव्हतं. मैत्रिणी आपापल्या नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगत तेव्हा ती म्हणायची, "मला बाई त्यातलं काही बघावंच लागत नाही." आणि ते म्हणताना तिला जरा मिरवल्यासारखंही वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता तिने विषय काढला. दुकानाचं सांगितलं, काकांची अट सांगितली. मास्तर बूट पुसत होते. त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा खरोखर खुलला.

"वा! घेऊन टाक की. तुझंच आहे ते दुकान, नावापुरतं काकांचं."

"पण आपल्याकडे तेवढे पैसे आहेत का?"

"आहेत ना. सगळं व्यवस्थित लावलेलं आहे."

"म्हणजे किती आहेत?"

मास्तरांनी दुसरा बूट उचलला. "असं एका शब्दात नाही सांगता येत. बाजार कसा आहे ते बघावं लागतं. योग्य वेळ बघून काढावे लागतात. घाईत काढले तर नुकसान होतं."

"अंदाजे सांगा."

"सांगतो. सल्लागारांशी बोलतो शनिवारी." बूट आधीच चकचकीत झाला होता, तरी ते पुसतच राहिले.

एवढंच झालं. आवाज चढला नाही, कुणी रागावलं नाही. पण दुकानाकडे चालत जाताना तिला त्या पुसलेल्याच बुटावरून फिरणारं फडकं दिसत राहिलं, आणि मनात पाल चुकचुकली.

त्या आठवड्यात तिचे पाय एका जागी ठरेनात. गिऱ्हाईक नसलं की ती फ्रेमा काढून पुसायची, रंगाप्रमाणे लावायची, मग आकाराप्रमाणे लावायची. काकांनी विचारलं, "काय गं, उंदीर शिरलाय का कपाटात?" तिने हसून वेळ मारून नेली. एका बाईच्या चष्म्यात उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला बसवली; ती बाई दारातून परत आली आणि म्हणाली, "मला तर जमीनच वर आल्यासारखी वाटतेय." असं याआधी कधी झालं नव्हतं.

डोळे तपासताना तर तिला नको ते दिसायला लागलं. खालच्या बारीक ओळीशी पुरुष गिऱ्हाईक आलं की ते सरळ ठोकून द्यायचं, अमुक अक्षर, तमुक अक्षर, छातीठोक. निम्मं चुकलेलं असायचं. बायका त्याच ओळीशी थांबायच्या. "नाही दिसत," म्हणायच्या. "बघा तरी, काय वाटतंय?" असं म्हटल्यावर दबकत सांगायच्या, आणि पुष्कळदा बरोबर सांगायच्या. हे तिला ठाऊक होतंच, त्यावर ती आणि काका हसतही असत. या आठवड्यात मात्र तिला हसू येईना. मास्तर घरी म्हणायचे ती वाक्यं तिला आठवायला लागली. 'सगळी अंडी एका टोपलीत ठेवायची नाहीत.' 'दीर्घ मुदतीचा विचार करायचा.' 'बाजार खाली आला की घाबरायचं नाही.' ती वाक्यं एवढ्या वर्षांत एकदाही बदलली नव्हती.

तिची लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिला फोन लावला, सहज विचारतेय असं दाखवत म्हणाली, "बाबा पैसे कशात ठेवतात, तुला काही माहीत आहे का गं?"

"मला कसं माहीत असणार? माझ्याच पगाराचं काय करायचं ते मी बाबांना विचारते."

"मग काय म्हणतात ते?"

"सध्या खात्यात राहू दे म्हणतात. योग्य वेळ आली की सांगतो म्हणतात." लेक हसली. "आई, काय झालंय? आवाज का असा येतोय तुझा?"

"काही नाही. घसा बसलाय," असं म्हणून तिने फोन ठेवला.

गुरुवारी नणंद आली. मास्तरांहून पाचसहा वर्षांनी मोठी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, बोलायला फटकळ. मास्तर अजून शिकवणीवर होते. चष्मेवालीने तिच्यासमोर खायला ठेवलं आणि विचारलं, "ताई, हे पैशांच्या बाबतीत लहानपणापासून असेच आहेत का? विचारलं की विषय बदलतात."

नणंदेने हातातला घास ताटात ठेवला.

"तुला बाळने सांगितलंच नाही का कधी?" धाकट्या भावाला ती अजून बाळ म्हणायची. "बाबा गेले तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. मामा आले, आमचे थोरले काका आले, बाबांच्या फंडाचे सगळे कागद त्याच्या मांडीवर ठेवले. आता तूच घरातला पुरुष, म्हणाले. मी शेजारीच बसले होते. गणितात वर्गात पहिली यायचे मी. मी नुसतं म्हटलं, आधी बँकेत जाऊन विचारू या का? तर मामा म्हणाले, तू यात पडू नकोस. आणि बाळला वाटलं, आता आपल्याला कळायलाच पाहिजे. एक माणूस गोड बोलून कसल्याशा योजनेत पैसे घेऊन गेला. निम्मे बुडाले."

"बुडाले?"

"बुडाले. आई त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून पैशाचा विषय निघाला की तो असा ताठ होतो, परीक्षेला बसल्यासारखा."

एकदा बुडवलेत, म्हणजे पुन्हाही बुडवले असणार. आणि एवढ्या वर्षांनी सांगायची सोय नाही, म्हणून बूट पुसत बसतात. तिच्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं. दुकान तर गेलंच. कदाचित राहतं घरही कुठे गहाण असेल, कुणाला ठाऊक! संध्याकाळी मास्तर आले, हात धुतले, बहिणीशी थट्टामस्करी केली, कुठली शिकाऊ बाई आज पहिल्यांदा चढावर गाडी न बंद पाडता घेऊन गेली ते कौतुकाने सांगितलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसाला आपण ओळखतो, असं तिला काल-परवापर्यंत वाटत होतं.

शनिवारी दुपारी मास्तर नेहमीसारखे धुतलेला शर्ट घालून सल्लागारांकडे निघाले. दर शनिवारी निघायचे, तिला त्यात नवीन काही नव्हतं. ती दुकानात होती. तिने काकांना सांगितलं, "मी तासाभरात येते," आणि पर्स उचलून बाहेर पडली. जायचं कुठे ते माहीत होतं; ती इमारत मास्तरांनी तिला कितीदा बसमधून दाखवली होती. सल्लागारालाच तोंडावर विचारायचं, आमचे पैसे कुठे आहेत ते सांगा, असं तिने ठरवलं होतं. चढताना जिन्यात ती दोनदा थांबली. एकदा दम लागला म्हणून, आणि एकदा परत फिरावं असं वाटलं म्हणून.

दुसऱ्या मजल्यावर काचेचं दार होतं. आत टेबलाशी बसलेल्या मुलीने हसून विचारलं, "मोफत व्याख्यानाला आलात ना? सुरू झालंय, मागच्या दाराने आत जा. चहा-बिस्किटं नंतर आहेत."

"मला सल्लागारांना भेटायचंय. माझ्या मिस्टरांचं खातं आहे इथे." तिने मास्तरांचं वर्णन केलं: उंच, टक्कल पडत आलेले, गाडी शिकवतात.

मुलीचा चेहरा ओळखीने उजळला. "ते होय! ते तर आमचे सगळ्यात जुने श्रोते आहेत. एक शनिवार चुकवत नाहीत. पण खातं नाहीये त्यांचं आमच्याकडे. आमचे सर त्यांना कितीदा म्हणाले, काही शंका असतील तर विचारा. ते म्हणतात, नाही नाही, सगळं कळलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आम्हाला वाटायचं, तेच कुठेतरी मोठे जाणकार असतील. आमची परीक्षा बघायला येत असतील."

खातंच नाही, तर पैसे कुठे आहेत? मग ती मागच्या दाराने आत गेली.

लांबट खोली होती. खुर्च्यांच्या रांगा, बहुतेक पुरुष, दोनतीन बायका. पुढे टाय लावलेला एक तरुण पडद्यावरच्या चढत्या-उतरत्या रेषांकडे काठीने दाखवत बोलत होता. शेवटच्या रांगेत भिंतीकडेला मास्तर बसले होते. ताठ, हाताची घडी, आणि दर दोन वाक्यांनी जाणकारासारखी मान हलवत. ती त्यांच्या रांगेतच, दुसऱ्या टोकाला बसली. त्यांचं लक्ष पुढे होतं.

टायवाला काय बोलत होता त्यातलं तिला फार थोडं कळलं. पण खोलीतल्या इतरांनाही फार कळत असेल असं त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटेना. गिऱ्हाईकांचे चेहरे वाचण्यात तिची हयात गेली होती. डोळे बारीक करून बसलेला माणूस दिसतंय म्हणतो तेव्हा त्याला खरंच दिसतंय का, हे तिला कळायचं.

"काही शंका?" टायवाल्याने विचारलं.

खोलीत कुणी हाललं नाही. मास्तरांनी समाधानाने मान डोलावली.

चष्मेवालीचा हात वर गेला. आपण वर केला की तो आपोआप गेला, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं.

"मला एक विचारायचंय. साधंच आहे. पैसे नुसते बँकेच्या खात्यात पडून राहिले, तर ते आहेत तेवढे राहतात ना? कमी तर होत नाहीत?"

पुढच्या रांगेतून कुणीतरी हसलं. मास्तरांची मान गर्रकन वळली. तिला बघून त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

टायवाला महागाईचा दर, खरा परतावा असं काहीतरी बोलला.

"नाही कळलं," ती म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितलं, यावेळी टक्क्यांत.

"अजून नाही कळलं. तुम्ही मला गिऱ्हाईकाला सांगता तसं सांगा."

तो तरुण थांबला. काठी खाली ठेवली आणि खुर्च्यांमधून दोन पावलं पुढे आला. "समजा, तुम्ही लग्नात मिळालेले पैसे एका डब्यात ठेवले," तो म्हणाला. "तेव्हा त्यात एक मोटारसायकल आली असती. आज डबा उघडला. पैसे तेवढेच आहेत, एक नोटही कमी नाही. पण आता त्यात मोटारसायकल येत नाही, फार तर सायकल येते. बँकेच्या साध्या खात्यात थोडं व्याज मिळतं, म्हणून चांगली सायकल येते, एवढाच फरक."

आता हसायला कुणी नव्हतं. पुढच्या एका माणसाने काहीतरी लिहून घेतलं. चष्मेवालीने मास्तरांकडे पाहिलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते. मानेपासून टकलापर्यंत लाली चढत गेलेली तिने डोळ्यांदेखत पाहिली, आणि काय झालंय ते तिला एकदम कळलं. ते उठले आणि खुर्च्यांना अडखळत बाहेर गेले.

इमारतीसमोर रस्त्याकडेला एक बाक होता, तिथे तिने त्यांना गाठलं. शेजारी बसली. दोन बस येऊन गेल्या.

"पैसे कुठे आहेत?" तिने विचारलं.

"खात्यात."

"कुठल्या?"

"आपल्याच. साध्या. तुझे, माझे, सगळे तिथेच आहेत. एक पैसा कुठे गेलेला नाही." ते रस्त्याकडे बघत बोलत होते. "मी कशात घातलेच नाहीत. एकदाही नाही. दर शनिवारी वाटायचं, आज कळेल, सोमवारी घालू. पहिल्यांदा आलो तेव्हा विचारायचं राहून गेलं. पुढच्या वेळी वाटलं, आता विचारलं तर म्हणतील, मागच्या वेळी झोपला होतात का? आणि वर्ष झाल्यावर कुठल्या तोंडाने विचारणार?"

तिला आधी हसू फुटलं. अगदी पोटातून आलं. घर गहाण नव्हतं, पैसे बुडाले नव्हते, कुणी दारात येणार नव्हतं. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मास्तरही कसनुसं हसले, आणि मग तिला ती मोटारसायकल आठवली.

"पंचवीस वर्षं," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं पाठ वाकवून मी लोकांच्या नाकावर चष्मे बसवतेय. तुम्ही मला सांगायचात, सगळं व्यवस्थित लावलेलं आहे. कशाला खोटं बोललात?"

"काय सांगू? मला कळत नाही म्हणून सांगू?"

"हो!"

"शिकाऊ माणसाला सांगणं सोपं असतं गं, लाजू नका, शंभरदा विचारा. स्वतः..." मग हळूच म्हणाले, "तू तरी कधी विचारलंस?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. काहीतरी लागेल असं बोलायला तिने तोंड उघडलं. पण खरंच विचारलं नव्हतं. 'मला बाई त्यातलं काही बघावंच लागत नाही.' किती आरामात म्हणायची ती! ते ओझं दुसऱ्याने उचललंय, त्याची मान अवघडली असेल, असा विचारही कधी मनात आला नव्हता. पण राग तेवढ्याने गेला नाही. ती उठून दुकानात परत गेली आणि दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

मंगळवारी मात्र तीच म्हणाली, "महिना संपत आला. बँकेत जायचंय. दोघांनी."

खात्यातले पैसे पाहिले तर काकांच्या अर्ध्या रकमेला थोडे कमी पडत होते. "वेळेवर काही केलं असतं तर कर्ज काढावंच लागलं नसतं," मास्तर पुटपुटले. "आता ते उगाळू नका," ती म्हणाली, पण तिच्याही मनात तेच चाललं होतं.

कर्ज देणारा अधिकारी तरतरीत होता. दुकान तिचं, अनुभव तिचा, अर्ज तिचा. पण तो प्रत्येक वाक्य मास्तरांकडे बघून बोलत होता. तिने विचारलं, "हा व्याजाचा दर असाच राहणार की बदलणार?" तर तो मास्तरांना म्हणाला, "सर, दर बदलता आहे." मास्तर तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यांना सांगा." दोनतीनदा असं झाल्यावर त्याने खुर्ची जराशी वळवून घेतली.

शेवटी कागदांचा गठ्ठा आला. सह्या कुठे करायच्या तिथे त्याने खुणा करून ठेवल्या होत्या. चष्मेवालीने पहिली सही केली, दुसरी केली. तिसऱ्या कागदाशी मास्तर म्हणाले, "थांब."

अधिकाऱ्याने वर पाहिलं.

"हे कशाचं आहे?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज चिरकला. कान पुन्हा लाल व्हायला लागले होते.

"विमा आहे सर. कर्जाबरोबर असतोच. सगळे घेतात."

"ते असेल. पण हे कळलं नाही मला. नाही घेतला तर कर्ज मिळत नाही का?"

"तसं नाही सर, पण पद्धत आहे ती..."

"म्हणजे मिळतं?"

अधिकाऱ्याने पेन टेबलावर दोनदा आपटलं. "मिळतं."

"हप्ता किती पडतो याचा?" तिने विचारलं. त्याने आकडा सांगितला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "राहू द्या मग," ती म्हणाली. त्याने तो कागद गठ्ठ्यातून काढला आणि चेहरा पाडून बाकीचे पुढे सरकवले. मास्तर खिशातून रुमाल काढून मान पुसत होते, गाडी चालवायला पहिल्यांदा बसलेल्या माणसासारखे.

महिनाअखेरीला काकांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला, गल्ल्याचं कुलूप जरा अडतं ते दाखवलं, आणि डोळे पुसत टॅक्सीत बसले.

पुढे सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. ज्या कंपनीला काकांनी नाही म्हटलं होतं, तिने रस्त्यापलीकडचीच जागा घेतली आणि सहा महिन्यांत तिथे झगझगीत दुकान थाटलं. मोफत तपासणी, एकावर एक फ्रेम फुकट. चष्मेवालीचं जुनं गिऱ्हाईक बरंचसं टिकलं, नवं येईनासं झालं. हप्ता निघत होता, काकांना पैसे जात होते, हातात फारसं काही उरत नव्हतं. ती दिवसातून दहादा दारात जाऊन पलीकडे कोण शिरतंय ते बघायची आणि आपलीच चिडून आत यायची.

लेकीने एकदा फोनवर विचारलं, "बाबा, आता काय करू पगाराचं?" मास्तर म्हणाले, "मला माहीत नाही. शनिवारी इकडे ये, तिघं जाऊन विचारू." लेक म्हणाली, "आईला द्या बघू फोन."

आणि एका दुपारी, दुकानात एक गिऱ्हाईक फ्रेमा चाळत असताना, मास्तर शिकवणीच्या मध्येच आत आले. बाहेर शिकाऊ पोरगी गाडीत बसली होती.

"ऐक," ते म्हणाले, "मी हिशेब केलाय. यंदाचं जे काही शिल्लक आहे ना, ते सगळं कर्जात भरून टाकू. दर वाढायला लागलाय."

"नाही," ती म्हणाली. "मला नंबर काढायचं नवं मशीन घ्यायचंय. पलीकडे आहे ते. त्याच्याशिवाय नवं गिऱ्हाईक आत पाऊल टाकत नाही."

"अगं, डोक्यावर कर्ज असताना आणखी खर्च? उद्या नाही चाललं तर?"

"आणि मशीन नसताना दुकान नाही चाललं, तर कर्ज कशातून फेडणार?"

"तू नेहमी पुढचं गृहीत धरतेस."

"तुम्ही पंचवीस वर्षं काहीच धरलं नाहीत!"

गिऱ्हाईकाने हातातली फ्रेम हळूच जागेवर ठेवली. मास्तरांचा चेहरा उतरला. तिलाही बोलून गेल्याचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटेनात. संसारात त्यांची भांडणं पुष्कळ झाली होती, पाहुण्यांवरून, पंख्यावरून, लेकीच्या अभ्यासावरून. पैशावरून हे पहिलंच.

"बरोबर आहे तुझं," मास्तर शेवटी म्हणाले. "पण माझंही बरोबर आहे."

"असेल. मला अजून पटलेलं नाही. रविवारी आकडे घेऊन बसू. ताईंनाही बोलवा, गणितात पहिल्या यायच्या म्हणे."

"ती आली तर आपल्या दोघांनाही बोलू देणार नाही."

"न देऊ दे."

बाहेर हॉर्न वाजला. मग इंजिन घरघरलं, गाडीला एक हिसका बसला आणि ती बंद पडली. "अरे देवा, एकटीच सुरू करतेय!" म्हणत मास्तर धावले. चष्मेवाली गिऱ्हाईकाकडे वळली, मघाची फ्रेम पुन्हा उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "बसा, घालून बघा. आमचं हे चालायचंच."

त्याने ती घातली. तिने त्याच्यासमोर आरसा धरला, पण लक्ष अर्धं रस्त्यापलीकडेच होतं. झगझगीत दारातून कोणीतरी पिशवी घेऊन बाहेर पडत होतं.